बटणभाऊंच्या बोर्डाला बटण नव्हतं

आमच्या इमारतीत अंधार पाडण्याचं काम सूर्याकडे नाही, बटणभाऊंकडे आहे. जिन्यात दिवा लागलेला दिसला की त्यांचा हात आपोआप भिंतीकडे जातो. मग त्या दिव्याखाली कोणी कुलपात किल्ली घालत असो, नाहीतर सांडलेले कांदे गोळा करत असो. अंधारातून "कोण आहे तिकडे?" असं ओरडलं की वरून शांत आवाज येतो, "तुम्ही आहात होय? मला वाटलं कोणी नाही." आणि दिवा परत लागतो. त्यांना खरंच वाईट वाटलेलं असतं, हेही सांगायला हवं. पण पुढच्या खेपेला हात पुन्हा भिंतीकडे.

मी त्यांच्या समोरच्या दारात राहते. भिंती पातळ आहेत आणि माझे कान तयार आहेत, त्यामुळे त्या घरातलं मला बरंचसं न विचारता कळतं. उरलेलं मी विचारते.

त्यांना कंजूष म्हणाल तर ते खरं नाही. माझा मिक्सर, माझी इस्त्री, माझ्या नवऱ्याचा रेडिओ, सगळं त्यांनी दुरुस्त करून दिलंय आणि अर्ध्या कप चहावर काही घेतलेलं नाही. पैसा गेला तर ते हळहळतसुद्धा नाहीत. वीज फुकट गेली की मात्र जीव तुटतो. सगळी हयात वीजमीटरच्या कारखान्यात, तपासणी विभागात गेली. दिवसभर चकत्या फिरताना बघायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन त्या फिरू नयेत म्हणून झटायचं. फ्रिजचं दार उघडून विचार करत उभं राहायला त्यांच्याकडे बंदी आहे. "आधी काय हवं ते ठरव, मग उघड." त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणतात, "मला काय हवं ते ठरवून झालंय. पण ते फ्रिजमध्ये नाही मिळत."

निवृत्त झाल्यापासून मागची खोली त्यांची. तिथे एक टेबल, औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत भरलेले बारीकसारीक भाग, आणि भिंगाचा दिवा. तो फक्त भिंगातून बघतानाच लागतो. डोकं वर केलं की बंद.

बरोबर त्यांच्या खालच्या घरात त्यांची थोरली बहीण राहते. अख्खी इमारत तिला ताईच म्हणते. ताई एकट्या राहतात आणि शिवणकाम करतात. लांडं लांब करून देतात, ढगळ आवळून देतात. नजर अशी की सुईत दोरा पहिल्या फटक्यात. कान मात्र बरेच गेलेत. भावाचं आणि त्यांचं रोज एकदा भांडण होतं, आणि ते झालं नाही तर दोघांनाही जेवण जात नाही.

गेल्या खेपेला ताईंचा मुलगा न कळवता आला. बेल वाजवली, दार बडवलं, फोन लावला. आत फोन वाजतोय हे त्याला बाहेर ऐकू येत होतं, पण आईला काही येत नव्हतं. दुसरी किल्ली बटणभाऊंकडे, आणि बटणभाऊ नेमके वहिनींना घेऊन बाहेर गेलेले. शेवटी पोरानं सुतार बोलावला आणि कुलूप तोडलं. आत ताई खिडकीपाशी बसून एका बाहीला टीप मारत होत्या. हातात पटाशी घेतलेला सुतार समोर दिसला तेव्हा त्या म्हणाल्या, "घाईचं काम असलं तरी दाराची बेल वाजवायची पद्धत आहे."

मी मागे उभी होते. मला हसू आवरेना. पोरगा मात्र पांढराफटक पडला होता. तिथेच स्टुलावर बसला आणि म्हणाला, "आई, पुरे झालं. तू माझ्याकडे चल."

"आणि माझी गिऱ्हाइकं?"

"गिऱ्हाइकांचं काय घेऊन बसलीस? मी आज काय काय मनात आणलं ते तुला सांगू?"

ते त्यानं सांगितलं नाही, पण कळलं आम्हाला. ताईंनाही कळलं. म्हणून तर त्या नेहमीसारख्या तुटून पडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "तुम्ही दोघं दिवसभर कामावर. मी तिथे काय पडद्यांना टीप मारत बसू?"

संध्याकाळी बटणभाऊ परतले. त्यांनी तुटलेलं कुलूप बघितलं, भाच्याचं तोंड बघितलं आणि म्हणाले, "मी बनवतो. दारावर बटण दाबलं की हिच्यासमोर दिवा उघडझाप करेल आणि खुर्चीची गादी थरथरेल."

"मामा, असलं बाजारात तयार मिळतं."

"बघितलंय मी. त्यावर एक हिरवा दिवा सतत जळत असतो. कशासाठी? तर तो जळतोय हे दाखवायला."

भाचा दमला होता, म्हणून त्यानं वाद घातला नाही. म्हणाला, "पुढच्या रविवारी येतो. बाहेर उभा राहून बटण दाबीन. आईनं दार उघडलं तर राहू दे तिला इथे. नाही उघडलं तर मी बॅग घेऊनच येतोय, मामा."

झालं. मागच्या खोलीचं दार बंद झालं.

बोर्डाचा नकाशा भाऊंनी स्वतः काढला आणि कारखान्यातल्या जुन्या सोबत्याकडून दोन बोर्ड करून घेतले. हिरवी पाटी, बिस्किटाएवढी. मध्ये नखाएवढी चिप, आणि तिला मुंगीसारखे पाय. मी कौतुक करायला गेले होते, म्हणजे बघायला गेले होते, तेव्हा त्यांनी मला डिबगर दाखवला. काडेपेटीएवढी एक डबी. तिचं एक टोक लॅपटॉपला, दुसऱ्या टोकाच्या चार रंगीत वायरी बोर्डाला.

"ही डबी चिपच्या डोक्यात प्रोग्राम घालते," भाऊ म्हणाले. "आणि मग आत काय चाललंय, कुठे अडलंय, ते विचारत बसते."

"म्हणजे सासू."

"सासू विचारत बसत नाही," वहिनी दारातून म्हणाल्या. "तिला माहीतच असतं."

भाऊंनी ऐकलं नसल्यासारखं केलं. "खरं तर पाचवी वायर पण असते. चिपला धरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. रीसेट म्हणतात. तिच्यासाठी एक बटणही देतात बोर्डावर. पण क्वचित लागतं ते. मी दोन्ही गाळली. कशाला उगाच?"

पहिल्या दिवशी सगळं झकास चाललं. डबीनं चिपशी गप्पा मारल्या, बोर्डावरचा बारका दिवा लुकलुकला. भाऊंनी ताईंना वर बोलावून दाखवला. ताई म्हणाल्या, "एवढ्यानं मला कळणार? काजवासुद्धा याच्यापेक्षा बरा." भाऊ म्हणाले की मोठा दिवा नंतर, आधी याची विजेची भूक बघू. ताईंसाठीचा हा बेलचा डबा सेलवर चालायचा होता, कारण वीज गेली तरी ताईंना दार कळलं पाहिजे. आणि सेलवरची वस्तू म्हटल्यावर भाऊंच्या अंगात आलं. त्यांनी रात्रंदिवस काम करणारी चिप झोपाळू, म्हणजे काम नसताना झोपणारी, कशी करायची ते शोधून काढलं, तसा प्रोग्राम लिहिला, तो आत घातला आणि मीटर लावून मला हाक मारली.

"बघा. काही खातच नाही. जवळजवळ शून्य."

"मेलेलं माणूसही काही खात नाही, भाऊ."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी चहा प्यायला वहिनींकडे गेले.

दुसऱ्या दिवसापासून डबी आणि चिप यांचं बोलणं बंद. भाऊ लॅपटॉपवर कळ दाबत आणि पडद्यावर लाल ओळ येई. मी विचारलं, "काय म्हणतंय?"

"म्हणतंय, जोडणी झाली नाही. समोर कोणी सापडत नाही. म्हणजे दार वाजवतोय, पण आतून कोणी ओ देत नाही."

दारावरचं बटण लावून बघितलं, तर तेही मुकं. मग जे सुरू झालं ते मी माझ्या स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं. आधी वायरी बदलल्या. मग लॅपटॉपचं भोक बदललं. मग मल्टिमीटर घेऊन एकेक रेघ तपासली. प्रत्येक रेघेला ते पीं करून ओरडे, आणि भाऊ म्हणत, "इथेही आहे. मग?" मग चार वायरी जिथे लागतात ते खिळे भिंगाखाली धरून पुन्हा सोल्डर केले. खोलीत इतका धूर झाला की वहिनींनी खिडकी उघडली आणि पंखा लावला. भाऊंनी पंखा बंद केला. वहिनींनी लावला. यात दुपार गेली.

"सेलमधून वीज येतेय, जमीन लागलीय, वायरी धड आहेत," भाऊ जिन्यात भेटतील त्याला सांगू लागले. समोरच्याला यातलं ओ की ठो कळत नसे, पण भाऊ बोलता बोलता दिवा बंद करायला विसरत. त्यामुळे लोकही थांबून ऐकत.

मी म्हटलं, "तुम्ही त्याच्या डोक्यात नवीन काही घातलंत ना? त्याचं काही नसेल?"

"प्रोग्राम? तो तर व्यवस्थित आत गेला. गेला म्हणजे ठीकच आहे." माझ्याकडे दयेनं बघत म्हणाले, "आत गेलेली वस्तू जोडणी कशी तोडेल?"

तपासणी विभागातल्या माणसाचं असंच असतं. वायरीवर संशय घेईल, सोल्डरवर घेईल, माझ्या मिक्सरवरसुद्धा घेईल. आणि त्यांनी घेतला. मी चटणी वाटताना त्यांनी दार वाजवून विचारलं, "जरा वेळ बंद ठेवता का? तुमच्यामुळे गडबड होत असेल." मी अख्खा दिवस चटणी न वाटता काढला. लाल ओळ काही हटली नाही.

मग दुसरा बोर्ड काढला. त्यावर डबी पहिल्याच हाकेला बोलली. भाऊंचा चेहरा असा उजळला की खोलीत दिवा नसता तरी चाललं असतं. लगेच त्यांनी तोच झोपाळू प्रोग्राम त्याच्याही डोक्यात घातला. आणि पुढच्या हाकेला लाल ओळ.

"केबल," भाऊ म्हणाले. "केबलनं दोन्ही मारले."

तिसरा बोर्ड नव्हता. दोनाच्या वर कशाला उगाच, असं त्यांचंच म्हणणं होतं.

शनिवारी दुपारी ते खाली ताईंना सांगायला निघाले की होत नाहीये. मीही निघाले. मला ताईंकडे ब्लाउजची एक बाही आवळायला द्यायची होती. ती बाही बरेच दिवस ढगळ होती, पण आवळायला त्या दिवसाइतका योग्य दिवस दुसरा नव्हता. भाऊंनी बेल वाजवली. काही नाही. पुन्हा वाजवली. मग किल्लीनं दार उघडलं.

ताई शिलाईमशीनपाशी, आमच्याकडे पाठ करून. भाऊंनी खांद्याला हात लावला तेव्हा दचकल्या.

भाऊ ओरडून म्हणाले, "कानातलं यंत्र कुठे आहे तुझं?"

"काय?"

त्यांनी कानाकडे बोट केलं. ताईंनी खणातून डबी काढली, डबीतून यंत्र काढलं, कानात घातलं, बारीकशी कळ सरकवली. "हं, बोल आता. आणि ओरडू नकोस."

"म्हणजे ते चालतं?" मी विचारलं. मला वाटत होतं, कधीचं बिघडलंय.

"न चालायला काय झालं? पोरानं आणून दिलंय. उत्तम आहे."

"मग घालत का नाहीस?" भाऊ म्हणाले.

"घरात एकटी असताना कशाला? त्याचा सेल जळतो उगाच. कोणी आलं की घालते."

"अगं, पण ते बंद असताना कोणी आलंय हे तुला कळणार कसं?"

"वा," ताई म्हणाल्या. "हे मला कोण विचारतंय? जिन्यात माणूस असताना दिवा कोण मालवतं?"

एरवी इथे रोजचं भांडण सुरू झालं असतं. मी बसायला खुर्चीसुद्धा ओढली होती. पण भाऊंचं लक्ष भांडणात नव्हतं. माझी बाही हातात धरून उभे राहिले. ती त्यांच्या हातात कशी गेली कोण जाणे.

"मीही तेच केलंय," ते म्हणाले.

"काय केलंयस?"

"जाग आली रे आली की पहिलं काम झोपायचं, असं लिहिलंय मी त्यात. आणि उठवणारं दारावरचं बटण लिहिलंय भलत्याच पायावर. डबी बिचारी दार वाजवतेय. तो उठणार कशानं?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आत गेलेलीच वस्तू."

मी त्यांच्या हातातून माझी बाही काढून घेतली आणि ताईंना दिली. इतकी संधी फुकट घालवल्याचं मला आजही वाईट वाटतं.

आम्ही तिघं वर आलो. भाऊ वहिनींना समजावू लागले. चिपचा रीसेटचा पाय जमिनीला, म्हणजे सेलच्या उण्या टोकाला, टेकवून धरला की ती अडकून राहते, पहिली ओळही वाचत नाही. तेवढ्यात डबीनं हाक मारायची आणि पाय सोडायचा. झोपायच्या आत तिला बोलण्यात गुंतवायचं.

"मग दाबा की ते रीसेटचं बटण," वहिनी म्हणाल्या.

भाऊ खाली बघू लागले.

"दिलंच नाही, हो ना?" वहिनी म्हणाल्या. "अख्खी इमारत या माणसाला बटणभाऊ म्हणते. आणि याच्या बोर्डाला बटण नाही."

बटण नाही, पाचवी वायर नाही. म्हणजे कोणीतरी हातानं वायरीचं टोक त्या मुंगीच्या पायाला लावून धरायचं. भाऊंचे दोन्ही हात लॅपटॉपवर. वहिनींनी चष्मा शोधायला वेळ मागितला. मग मी पुढे झाले. भिंगातून बघितलं तर पायांची एवढी दाटी की कोणता कोणाचा कळेना. मी धरलं, आणि भाऊ ओरडले, "तो नाही, तो सेलचा आहे." मी वायर घाईघाईनं उचलली.

"सरक," ताई म्हणाल्या.

त्यांनी पदराला टोचलेली सुई काढली, वायर तिच्या नाकाशी गुंडाळली, भिंगाखाली एकदाच बघितलं आणि टोक त्या पायावर ठेवलं. हात असा की जणू टेबलालाच फुटलेला.

"मी सोड म्हणालो की उचल," भाऊ म्हणाले. "आधी नाही, नंतर नाही. रविवार याच्यावर आहे."

"माझं घर याच्यावर आहे," ताई म्हणाल्या. "तू कळ दाब."

भाऊंनी कळ दाबली आणि जन्मभराच्या सवयीनं ताईंच्या कानाशी बोंबलले, "सोऽऽड!"

ताई दचकल्या, सुई उडाली, लाल ओळ आली.

"यंत्र घातलंय मी," ताई म्हणाल्या. "चालू आहे. माणसासारखं बोल."

त्यांनी सुई परत टेकवली. भाऊंनी कळ दाबली आणि अगदी हळू, मलाही जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, "सोड."

ताईंनी उचललं. पडद्यावर लाल ओळ आली नाही. त्या जागी आकड्यांची रांग सरसर उमटली. भाऊ खुर्चीत मागे टेकले.

"बोलला?" ताईंनी विचारलं.

"बोलला."

"पहिल्यांदाच हळू बोलला असतास तर तेव्हाच बोलला असता."

दुसरा बोर्डही त्याच सुईनं उठला. भाऊंनी उठवणारं बटण योग्य पायावर लिहिलं, मोठा दिवा आणि गादीची मोटर जोडली आणि सगळ्यात वर नवी ओळ घातली. जाग आली की आधी जरा थांबायचं, कोणी बोलवतंय का बघायचं, मग पुढचं काम, आणि झोप सगळ्यात शेवटी. आणि हो, दोन्ही बोर्डांना एकेक बटण सोल्डर केलं. इतकं मोठं की बोर्ड कुठला आणि बटण कुठलं ते विचारावं लागतं.

रविवारी मी माझी बाही आणायला ताईंकडे बसले होते. भाऊ आणि वहिनीही होते. भाऊंनी ताईंना यंत्र कानातून काढायला लावलं. "तपासणी म्हणजे तपासणी." ताई खुर्चीवर, हातात काम. जिन्यात पावलं वाजली, बाहेर काहीतरी जड टेकवल्याचा आवाज आला. आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं, ताईंना नाही. दारावरच्या नव्या बटणाचा टक आवाज झाला.

काही झालं नाही.

मी भाऊंकडे बघितलं. ते दिव्याकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. वहिनींनी माझा हात धरला. बाहेरून कोणी दार वाजवलं नाही. पोरगाही श्वास रोखून उभा असावा.

मग दिवा भक्कन लागला आणि खुर्ची अशी थरथरली की ताईंच्या हातची कात्री खाली पडली. त्या उठल्या, तरातरा गेल्या आणि त्यांनी दार उघडलं.

"इतका वेळ?" वहिनी भाऊंना कुजबुजल्या.

"जरा थांबायचं लिहिलंय," भाऊ घाम पुसत म्हणाले. "थोडं जास्तच लिहिलं गेलं."

दारात भाचा, शेजारी मोठी रिकामी बॅग. त्यानं आईकडे बघितलं आणि तिच्या कानाशी वाकून विचारलं, "ऐकू आलं?"

ताईंनी यंत्र कानात घातलं, मग म्हणाल्या, "ऐकायचं काय त्यात? खुर्चीच अंगावर आली."

तो हसला, मग त्याचे डोळे भरले, मग तो पुन्हा हसला. त्यानं अट घातली की यंत्र दिवसभर कानात राहील. ताईंनी ती मान्य केली, पण अशा तोंडानं, जणू सेल त्यांच्या रक्तावर चालतात. सुनेनं दिलेल्या लांड्या-ढगळ कपड्यांचा ढीग कधीचा तयार होता. त्या सगळ्याची घडी घालून त्यांनी बॅग भरली. ताई जायच्या होत्या त्या बॅगेत सदरे गेले, परकर गेले, नातवंडांचे फ्रॉक गेले, आणि ती बॅग उचलताना भाच्याच्या पाठीतून कळ निघाली.

निघेपर्यंत अंधारून आलं होतं. आम्ही सगळे ताईंच्या दारात उभे होतो. भाचा बॅग घेऊन जिना उतरू लागला. भाऊ समाधानानं बघत होते, आणि बघता बघता त्यांचा हात भिंतीकडे गेला.

जिन्यात काळोख झाला. खालून आवाज आला, "मामा, मी अजून आहे."

"तू आहेस होय?" भाऊ म्हणाले. "मला वाटलं गेलास."

ताईंनी त्यांचा हात बाजूला केला आणि दिवा लावला. मग दोघांचं रोजचं भांडण सुरू झालं, आणि मी बाही घेऊन निवांत वर आले.